‘दुपारनंतर मेल अडकतात’ या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

दुपारनंतर मेल येत नाहीत, रीस्टार्ट केलं की एकदम येतात, फुकटचा अँटीव्हायरस बसवून पैसे घेतले आणि तो बंद करा म्हटलं तर ऐकत नाहीत, असं आपण एक स्टार देऊन लिहिलंय. हळदीचे सौदे चालू असताना भावाचा मेल अडकला की काय होतं, हे सांगलीत कुणाला समजवायला नको. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी मेलचं. अडकलेले मेल हरवत नाहीत. आपल्या सर्व्हरवर मेल घेणारा प्रोग्रॅम पोस्टफिक्स आलेला मेल अमाविस या मधल्या प्रोग्रॅमकडे देतो आणि अमाविस तो क्लॅमडीकडून, म्हणजे क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसच्या सतत चालू असणाऱ्या भागाकडून, तपासून घेतो. क्लॅमडी गप्प असेल तर अमाविस ४५१ एरर देतो, म्हणजे ‘आत्ता नको, नंतर पाठव’. मग मेल रांगेत थांबतो आणि पोस्टफिक्स, मूळ सेटिंग असेल तर, ५ दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. एक कळकळीची विनंती: रांग तुंबलेली दिसली म्हणून कुणाला ती रिकामी करू देऊ नका. पोस्टसुपर या पोस्टफिक्सच्या कमांडनं रांग पुसली तर मेल खरोखरच जातात.

आता हे रोज त्याच सुमारास का होतं? क्लॅमएव्ही व्हायरसच्या सगळ्या सिग्नेचर (ओळखखुणा) रॅममध्ये भरून ठेवतो आणि त्यालाच १ जीबीहून जास्त जागा लागते. फ्रेशक्लॅम हा त्याचा अपडेट आणणारा प्रोग्रॅम दिवसभर अपडेट आहे का ते पाहत असतो, पण सिग्नेचरचा नवा डेली संच बहुधा दिवसातून एकदाच येतो. तो आला की तपासणी खंडू नये म्हणून क्लॅमडी जुना संच न सोडता शेजारी नवा भरतो. तेवढ्यापुरती रॅम जवळपास दुप्पट लागते. आपला सर्व्हर २ जीबीचा आहे आणि कोटेशनमध्ये ४ जीबी लिहिलेले होते. रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम बंद पाडतो, आणि इथे तो क्लॅमडीच असतो.

खात्री करायची तर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडा. ‘आउट ऑफ मेमरी’ आणि पुढे क्लॅमडीचं नाव दिसलं की कारण सापडलं. अमाविसच्या लॉगमध्ये त्या वेळेपासून सॉकेटपुढे (अमाविस क्लॅमडीशी जोडला जातो ती जागा) ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. तिथेच ‘परमिशन डिनाइड’ दिसलं तर आजार वेगळा: क्लॅमएव्ही युजर (क्लॅमडी चालतो ते खातं) अमाविसच्या ग्रुपमध्ये नाही. आणि रीस्टार्टनंतर लगेच ‘नो सच फाइल’ आलं तर घाबरू नका, सिग्नेचर भरून होईपर्यंत सॉकेट तयारच होत नाही. म्हणून दर तासाला रीस्टार्टचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावणं चुकीचं आहे. प्रत्येक वेळी सगळा संच पहिल्यापासून भरावा लागतो आणि तोवर मेल पुन्हा थांबतात.

पक्का उपाय ४ जीबी रॅम हाच. ती येईपर्यंत क्लॅमडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॉन्करंट डेटाबेस रीलोड’ला ‘नो’ करायचं आणि २ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) द्यायचा. मग जुना संच सोडूनच नवा भरला जातो. तेवढा वेळ तपासणी थांबते, मेल थोडे उशिरा येतात, पण क्लॅमडी मरत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो. क्लॅमएव्ही मुक्त लायसन्सचा आहे, त्याच्या लायसन्सचा एक रुपयाही आम्ही लावलेला नाही. बिल बसवण्याचं आणि देखभालीचं आहे.

स्कॅनर बंद करायला मात्र आमचा नकारच राहील. आपल्याकडे दिवसभर अनोळखी पत्त्यांवरून ‘इनव्हॉइस’ नावाच्या फाइली येतात आणि त्या अकाउंटच्याच कॉम्प्युटरवर उघडल्या जातात. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आतलं क्लॅमएव्हीला दिसत नाही, तेव्हा तशी झिप आली तर पाठवणाऱ्याला फोन करूनच उघडा.

सेटिंगचा बदल ऑफिस बंद झाल्यावर करता येईल, वेळ आपण सांगा. त्यानंतर बाहेरच्या खात्यावरून आयकार ही अँटीव्हायरस तपासायची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल पाठवून ती अडते का ते आपल्यासमोर पाहू. दुसऱ्या दिवशी नवा संच आल्यावर क्लॅमडीच्या लॉगमध्ये ‘डेटाबेस करेक्टली रीलोडेड’ ही ओळ आपणच तपासा. ती दिसली नाही तर लगेच फोन करा.