सांडलेले बिट

माझ्याच घरात, माझ्याच डॅकच्या व्हॉल्यूमच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली आहे. डॅक म्हणजे गाण्याचे डिजिटल आकडे विजेच्या लहरींत बदलून ॲम्पला देणारं यंत्र. वर पेनाने लिहिलंय, 'हात लावू नये'. अक्षर मेहुण्याचं. रिमोट त्याच्या नजरेला पडला नाही म्हणून वाचलो.

तक्रार साधी होती. नवा ॲम्प, म्हणजे त्या लहरी स्पीकरसाठी मोठ्या करणारा, आल्यापासून गाणं थांबलं की ट्वीटरमधून, म्हणजे स्पीकरच्या बारीक आवाजाच्या तोंडातून, सूं ऐकू येतं, आणि रात्री बेताच्या आवाजात ऐकायचं तर डॅक उणे ४० डीबीवर, म्हणजे पूर्ण आवाजाच्या ४० डेसिबल खाली, आणावा लागतो. हे मी बायकोला सांगत होतो. ऐकलं तिच्या भावाने.

तो डॅकसमोर उकिडवा बसला आणि आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"भाऊजी, तुमचे बिट सांडताहेत."

"कुठे?"

"खाली."

बायकोने खरोखरच खाली पाहिलं. फरशी नुकतीच पुसलेली होती. बिट म्हणजे गाण्याचा प्रत्येक आकडा लिहायची शून्य-एकची घरं; जितकी जास्त, तितका आवाज बारकाईने लिहिता येतो.

"६ डीबी खाली आलात की १ बिट गेला. ४० म्हणजे साडेसहा. १६ मधून साडेसहा गेले, उरले किती?"

"साडेनऊ," बायको म्हणाली. तिचं गणित पक्कं आहे. माहेरचं माणूस समोर असलं की जरा जास्तच.

"साडेनऊ बिटांत तानपुरा ऐकताय तुम्ही!"

मी म्हटलं, अरे बाबा, गाणं १६ बिटांचं असलं तरी डॅक २४ बिटांचा आहे. खाली ८ बिट रिकामे पडलेत, म्हणजे ४८ डीबी. तेवढं खाली आणलं तरी मूळचे सोळाच्या सोळा शाबूत राहतात.

"ते कागदावर."

हे मला फार लागलं, कारण ते खरं आहे. २४ बिटांचे १४४ डीबी खोक्यावर छापायला असतात; चांगला डॅकसुद्धा प्रत्यक्षात १२० च्या आसपास दमतो. शिवाय व्हॉल्यूम डिजिटल असला की आपण खाली आणतो ते फक्त गाणं. डॅकची स्वतःची खरखर ढिम्म जागेवर बसून राहते. पण यातलं काहीही त्याच्या मनात नव्हतं. तो हवामानाच्या अंदाजालाही 'ते कागदावर' म्हणतो.

"मग उपाय?"

"डॅक फुल. कायमचा."

"आणि आवाज कमी कशाने करायचा?"

"लांब बसायचं."

एवढं बोलून त्याने डॅक शून्यावर, म्हणजे पार वर नेला आणि गाणं लावलं. खिडक्यांची तावदानं थरथरली. बायको कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत गेली. "बघा," तो ओरडला, "ताईला बरोबर अंतर सापडलं!" मग चिकटपट्टी शोधायला गेला.

खरं दुखणं बिटांचं नाहीच, गेनचं आहे, म्हणजे ॲम्प आत आलेलं किती पटीने वाढवतो त्याचं. डॅक फुल असताना २ व्होल्ट देतो. ॲम्पचा गेन २६ डीबी, म्हणजे वीसपट. झाले ४० व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरला त्याचे २०० वॅट होतात, आणि माझा ॲम्प आहे १०० वॅटचा. डॅककडून १.४ व्होल्ट आले की तो हात टेकतो. त्यापुढे लहरींचे शेंडे छाटले जातात. आणि घरात ऐकताना बहुतेक वेळ १ वॅटसुद्धा लागत नाही! मग वीसपट कुणासाठी? तर विकण्यासाठी. दोन ॲम्प शेजारी ठेवून वाजवले तर जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. म्हणून गेन सढळ हाताने वाढायचा, डॅकची खरखरही वीसपट करून द्यायची, आणि गिऱ्हाइकाने आयुष्यभर बटणाच्या तळाशी एक-दोन घरांत चाचपडायचं. माहितीपत्रकात यंत्र पाण्यात बुडवू नये हे ठळक छापलंय. गेन किती ते शोधायला मला पार शेवटचं पान गाठावं लागलं.

त्यात आवाजाला मालक चार. ॲपचा वेगळा, फोनचा वेगळा, डॅकचा वेगळा, ॲम्पचा वेगळा. एक टक्के मोजतो, एक नुसते ठिपके दाखवतो, एक उणे आकडे. कुणीतरी फोन अर्ध्यावर ठेवून जातं, दुसरं कुणी ॲम्प पिळून ती कसर भरून काढतं, आणि सूं का येतं म्हणून सगळे माझ्याकडे बघतात.

शेवटी डॅक आणि ॲम्पच्या मध्ये १२ डीबीचे ॲटेन्युएटर, म्हणजे येणारी लहर घटवणारे जोड, बसवले. बोटाएवढे आहेत, वीजही लागत नाही. गाणं आणि खरखर दोन्ही ॲम्पच्या दारातच चौथाई होतात. सूं आता ट्वीटरला कान लावला तरच येतं, आणि तेवढ्याच आवाजासाठी डॅक उणे २८ वर राहतो.

परवा मेहुणा आला. थेट आकड्यापाशी गेला.

"उणे २८! आणलात ना वर? २ बिट वाचले."

"अरे, ते बिटांमुळे नाही, मी मध्ये—"

"मी म्हटलं नव्हतं, त्याला यातलं कळतं?" बायको म्हणाली.

मी ॲटेन्युएटर दाखवायला ॲम्प पुढे ओढला, तेवढ्यात तो टीव्हीसमोर उकिडवा बसला होता.

"ताई, हा कितीवर ठेवता?"