कोणाचे केस जळतायत?

घरात स्वयंपाकाला खोबरेल तेल का आलं, ते सांगत बसत नाही. आलं. पाच लिटरचा डबा आलाय आणि तो संपवायचाय, एवढं पुरे. त्या तेलाचं काय करायचं हे एव्हाना मला बऱ्यापैकी कळतं. शेजाऱ्यांचं काय करायचं, ते अजून कळलेलं नाही.

परवा सकाळी सव्वासातला पोह्यांना फोडणी दिली. मोहरी तडतडते न तडतडते तोच बेल. दारात खालच्या मजल्यावरचे काका. कानटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, हातात दुधाची पिशवी.

"कोणाचे केस जळतायत?"

"केस?"

"तेल लावलेले. जिन्यात वास आहे."

मी म्हटलं, पोहे करतोय.

"पोह्यांना असा वास येत नाही," काका म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावले. "घरात माणसं किती?"

"तीन."

"सकाळपासून तिघंही दिसलीत?"

"काका, फोडणी खोबरेल तेलाची आहे."

काकांनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पुण्यात माणूस विचार करतोय हे दाखवायला एवढं पुरतं.

"डोक्याच्या तेलात पोहे?"

"डोक्याचं नाही, खायचं."

"खायचं आणि लावायचं वेगळं असतं?"

"नाही, तेल एकच, पण..."

"एकच ना? मग डोक्याचंच झालं. पोहे तुम्ही करताय? मग बरोबर. उद्या उटण्याची भजी कराल." आणि दोन पायऱ्या उतरून परत वळून, "खिडकी उघडी ठेवा. जिन्यातली नाही, तुमची."

माझा राग काकांवर आहेच, पण त्यांचा प्रश्न फालतू नव्हता हे कबूल करायला हवं. खोबरेलाची छोटी बाटली खायच्या तेलाची धरायची की केसांच्या, यावर सर्वोच्च न्यायालयात वाद गेला होता. कारण करात फरक: मूळ वाद जुन्या उत्पादन शुल्काचा, पण जीएसटीतही खाद्यतेलाला ५ टक्के, केशतेलाला तेव्हा १८. २०१८ साली दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. मग तिघांच्या पीठाने डिसेंबर २०२४मध्ये सांगितलं, की बाटली लहान आहे एवढ्यावरून शुद्ध खोबरेल केशतेल ठरत नाही, खाद्यतेल म्हणून विकलं तर ते खाद्यतेलच. काकांनी हाच निकाल जिन्यात दीड मिनिटात उलटा दिला, वर खिडकीचा आदेशही.

तर चव. लोक चव म्हणतात तो मुळात वास असतो, आणि तो किती यावा हे तेल विकत घेतानाच ठरतं. व्हर्जिन म्हणून मिळतं ते ओल्या नारळाचं, त्याला ताज्या खोबऱ्याचा गोडसर वास. घाण्यावरचं सुक्या खोबऱ्याचं, त्याला भाजका, जाड वास. हेच ते जिना चढणारं. तिसरं रिफाइंड: त्यातून वाफ सोडून वास काढून टाकलेला असतो, ते पोह्यात घातलं तर काकांना निवृत्तीचे दिवस दुसऱ्या कशात तरी घालवावे लागतील. ज्याला चव अजिबात नको त्याने रिफाइंड आणावं आणि हा लेख इथेच सोडावा. आमचा डबा घाण्याचा आहे.

घाण्याच्या तेलाची फोडणी करताना बहुतेकांची चूक एकच होते. शेंगदाणा तेलासारखं ते कडक तापवतात. रिफाइंड न केलेलं खोबरेल १७५ अंशांच्या आसपासच धुरायला लागतं, आणि एकदा धुरावलं की वास जळक्या केसांच्या फार लांब राहत नाही (काकांना एवढा एक मुद्दा दिला). चार वाट्या पोह्यांना दीड मोठा चमचा तेल, मध्यम आच. एक मोहरी टाकून बघायची. ती फुटली की बाकीची टाकून लगेच आच कमी करायची. मग हिंग नेहमीच्या दुप्पट, कढीपत्ता ओला, भरपूर. कांदा वासाला अर्ध्यापर्यंत ओढून घेतो, उरलेला अर्धा लिंबाने दबतो. यात अर्धं शेंगदाणा तेल मिसळलं तर पुणेरी नाकाला पत्ताही लागत नाही.

पण हे मिश्रण तळणीला चालत नाही. पुऱ्यांच्या कढईत दोन्ही तेलं एकत्र केली की फेस येतो, आणि तो दुधासारखा वर चढतो. खोबरेलातली बरीचशी मेदाम्लं मध्यम साखळीची, बाकीच्या तेलांतली लांब, हे जोडपं गरम कढईत नांदत नाही. नुसत्या खोबरेलात तळलेले केळ्याचे वेफर्स केरळात जन्मभर खातात, ते उत्तम लागतात. कालच्या तळणीचं उरलेलं शेंगदाणा तेल टाकायला जिवावर येतं म्हणून त्यात ओतू नका. बर्नरची भोकं टाचणीने मोकळी करत बसावं लागतं.

साबणासारखी चव येते ही दुसरी तक्रार, आणि तिच्यात तथ्य आहे. या तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. तेलात पाणी गेलं की ते सुटं होतं, आणि सुट्या लॉरिक आम्लाला साबणाचीच चव असते. साबण याच आम्लापासूनही करतात, तेव्हा जिभेचा यात काही दोष नाही. म्हणजे भाजीतला ओला चमचा डब्यात बुडवणं हा गुन्हा आहे. आमच्या घरात हा गुन्हा रोज होतो, गुन्हेगार सापडत नाही. महिन्यापुरतं तेल कोरड्या बरणीत काढून मोठा डबा बंद ठेवावा, एवढाच उपाय. बरणी रुंद तोंडाची घ्या. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, जानेवारीत पुण्याचा पारा पहाटे १०-१२वर येतो आणि निमुळत्या तोंडाच्या बाटलीतून तेल काढायला मग सुरीचं टोक, सांडशी आणि नवरा-बायकोचं भांडण लागतं.

गोठण्याची खरी शिक्षा जेवणाच्या डब्याला. सकाळी मटकीच्या उसळीवर लाल तर्री तरंगत असते. एसीच्या ऑफिसात एक वाजता झाकण उघडावं तर वर नारिंगी मेण. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी हमखास विचारतं, "वात कुठेय?" थंडीत घडीच्या पोळीत आतून खोबरेल लावलं तर गरम असताना पदर सुंदर सुटतात, पण गार पोळी पुठ्ठ्यासारखी वागते. डब्याच्या भाजीत खोबरेल एक तृतीयांशच, आणि पोळीला तूप. मायक्रोवेव्हच्या रांगेत उभं राहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

काही पदार्थांच्या वाटेला मात्र जाऊ नये. साबुदाण्याची खिचडी: तूप आणि दाण्याच्या कुटात तिसरा आला की तो परका वाटतो. पिठलं: बेसन वास झाकत नाही, उलट मिरवतं. साधं वरण तर नाहीच. लसूण, चिंच, आमसूल यांच्या संगतीत खोबरेल सुधारतं, तूप आणि दुधाच्या संगतीत बिघडतं.

आणि लपवायचंच कशाला, असाही एक रस्ता आहे. केरळी अवियलवर शेवटी कच्चं खोबरेल आणि कढीपत्ता घालतात, फोडणी नाहीच. कोकणी घरांतलं बटाट्याचं हुम्मण तसंच. चार उकडलेले बटाटे, वाटीभर ओलं खोबरं, पाच-सहा बेडगी मिरच्या आणि चिंचेचं बोटाएवढं बुटुक यांचं वाटण, मीठ, दोन उकळ्या. गॅस बंद करून खडा हिंगाचं पाणी, वरून दोन छोटे चमचे कच्चं तेल, आणि पाच मिनिटं घट्ट झाकण. ही पाच मिनिटं गाळली तर नुसता तेलाचा वास येतो. पाळली तर तेल आणि हिंग वेगळे ओळखू येत नाहीत.

तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असतो, मोठ्या चमच्याला १२ ग्रॅमच्या आसपास, हेही खरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली याच्याविरुद्ध सल्ला दिला, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं म्हणून. तेव्हा औषध समजून चमच्याने पिणाऱ्यांच्या नादी लागू नये. हे काकांना अजून माहीत नाही. कृपया कोणी कळवू नये.

मला खुपतं ते वेगळंच. सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून जास्त तेल असतं. पुण्याच्या प्रत्येक घरात गोड्या मसाल्यासाठी हे खोबरं किसून, खमंग भाजून, तेल सुटेपर्यंत कुटतात आणि वर्षभर आमटीत घालतात. त्याला परंपरा म्हणतात. तेच तेल मी सरळ चमच्याने घातलं तर घरातली माणसं मोजायची वेळ येते! हे मी जिन्यात काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या मसाल्यात तेल नसतं, खोबरं असतं."

हरलो. रविवारी हुम्मणाची वाटी खाली पाठवून दिली, आत काय आहे ते न सांगता. संध्याकाळी वाटी परत आली. रिकामी वाटी परत करू नये म्हणून तीत दोन चमचे गोडा मसाला, वर चिठ्ठी: "भाजी बरी होती. मसाला घरचा आहे. खोबरं सढळ आहे, आपोआप तेल सुटतं. वरून घालू नये."

वाटी माझी नव्हती. माझी मोठी होती, नाव घातलेली. हिच्यावर तिसऱ्याच कोणाचं तरी नाव आहे.