पालकांनी बाहेर थांबावे

भाचीला सोबत म्हणून करिअर मार्गदर्शन शिबिराला गेलो आणि ‘पालकांनी उत्तरे सुचवू नयेत, कृपया बाहेर थांबावे’ असे सर्वांदेखत ऐकून घ्यावे लागले, याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. उत्तरे सुचवत होते ते शेजारचे गृहस्थ; मी फक्त त्यांना तसे करू नका म्हणून सांगत होतो. पण आवाज माझा चढला होता आणि ते मात्र अत्यंत शांतपणे गुन्हा करत होते.

हे गृहस्थ चिरंजीवांची कल चाचणी स्वतः सोडवत होते. मुलाने ‘बिघडलेली यंत्रे उघडून पाहणे’ या विधानापुढे ‘फार आवडते’ अशी खूण केली होती. वडिलांनी खिशातून खोडरबर काढले. “उघडतोस, पण परत जोडतोस कधी?” असे विचारून त्यांनी ती खूण ‘आवडत नाही’कडे हलवली. पुढे ‘लोकांसमोर बोलणे’ आले. मुलाने मान हलवून नकार दिला, तेव्हा “घरात उलट उत्तरे देताना बरा बोलतोस!” असे म्हणत त्यांनी ‘फार आवडते’वर ठसठशीत खूण केली.

“अहो, ही परीक्षा नव्हे,” मी म्हणालो, “यात चूक-बरोबर नसते. त्यालाच भरू द्या ना.”

“याला मी सतरा वर्षे ओळखतो,” ते म्हणाले. “तो स्वतःला कधीपासून ओळखायला लागला?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही आणि आजही सुचत नाही, हेच जास्त झोंबते.

फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनला तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढले, तेव्हा आधी स्वतःला ओळखा, मग कामे ओळखा आणि मग दोहोंचा मेळ घाला, असा त्यांचा आग्रह होता. पुढे 1927 मध्ये एडवर्ड स्ट्राँग यांनी आपल्या आवडी एखाद्या व्यवसायात रमलेल्या माणसांच्या आवडींशी ताडून पाहणारी प्रश्नावली तयार केली आणि 1959 मध्ये जॉन हॉलंड यांनी हातांनी काम करणारे, शोधक, कलावंत, समाजाभिमुख, उद्यमी आणि व्यवस्थाप्रिय अशा सहा प्रकारांचा सिद्धांत मांडला. या सगळ्या विद्वत्तेचा डोलारा पेन्सिल मुलाच्याच हातात असेल, या एका भाबड्या समजुतीवर उभा आहे.

शिवाय जे पाहिलेच नाही ते आवडणार तरी कसे? डॉक्टर आणि शिक्षक प्रत्येक मुलाने पाहिलेले असतात. खडकांचा अभ्यास करणारा किंवा नकाशे तयार करणारा माणूस कामात असताना किती जणांनी पाहिला आहे? एखाद्या कामाच्या ठिकाणी मुलाला दिवसभर बसवले, तर त्यातला कंटाळवाणा भागही त्याला दिसेल आणि तो सोसूनही काम आवडते का, हे त्याचे त्यालाच कळेल. पण त्यासाठी कोणा मोठ्या माणसाला आपल्या शेजारी एक खुर्ची द्यावी लागते, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. त्यापेक्षा मुलांना फॉर्म वाटणे सोपे, म्हणून आपण फॉर्म वाटतो आणि मार्गदर्शन झाले असे समजतो.

मी दाराबाहेर ताटकळत असताना ते गृहस्थ निकालाचा कागद नाचवत आले. चिरंजीव ‘उद्यमी’ निघाले होते.

“बघा, अगदी माझ्यासारखाच निघाला!” ते म्हणाले. “तुमच्या भाचीचा फॉर्म कोणी भरला?”

“तिचा तीच भरते आहे.”

“तरीच वेळ लागतोय.”