‘फ्रिजमधलंच आहे, काही होत नाही’ : तुमच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की काचेच्या फ्रिजमध्ये पनीरचा ट्रे उघडा होता आणि वरून त्यात पाणी ठिबकत होतं. तुम्ही हटकलंत तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘फ्रिजमधलंच आहे, काही होत नाही.’ तुमच्या मुलीला सातवा महिना आहे, तिने गाडीत बसल्या बसल्या त्यातला एक तुकडा तसाच खाल्ला. नंतर कुणीतरी लिस्टेरियाबद्दल, म्हणजे खाण्यातून लागण होणाऱ्या एका जंतूबद्दल, सांगितलं आणि तुमची झोप उडाली. शेवटी लिहिलंत, यापुढे दुकानाचं काही नको, मुलीला गोठ्यावरचं धारोष्ण दूधच देणार.

ट्रे उघडा होता, पाणी ठिबकत होतं, मुलगा तसं बोललाही. चूक आमची आहे. मी मनापासून माफी मागते.

आधी तुमच्या मुलीचं. तो तुकडा खाल्ला म्हणजे लागण झालीच असं नाही, बहुतेक वेळा काहीही होत नाही. पण तिच्या डॉक्टरांना हे आजच सांगून ठेवा आणि पनीर नेल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. या आजाराची लक्षणं दोन दिवसांत दिसतीलच असा नेम नाही, कधी कधी ७० दिवसही जातात. एवढ्या काळात ताप, कणकण, अंगदुखी असं काही वाटलं तर साधा फ्लू समजून घरी गोळी देऊ नका. गरोदरपणात आईला नुसती कसर आल्यासारखं वाटतं आणि जंतू वारेतून बाळापर्यंत पोचलेला असतो. गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं. वेळेत कळलं तर अँपिसिलिनसारखी औषधं आहेत, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालणं महत्त्वाचं.

आता त्या मुलाच्या वाक्याबद्दल. ते त्याचं एकट्याचं नाही. माझ्या सासऱ्यांपासून आम्ही सगळे तेच म्हणत आलो. थंडीत दूध नासत नाही, म्हणून थंड ते चांगलं, असा आमचा हिशोब. लिस्टेरियाला तो लागू पडत नाही. इतर बरेच जंतू फ्रिजमध्ये सुस्तावतात, हा चार अंशांवरही हळूहळू वाढतो. फ्रीझरमध्ये वाढत नाही, पण मरतही नाही. उष्णतेने मात्र मरतो. पनीरसाठी दूध आम्ही उकळतो, त्यामुळे कढईतून निघालेल्या पनीरची मला काळजी नाही. काळजी त्यानंतरची. फडकं, पाट, सुरी, हात आणि तुम्ही पाहिलंत ते ठिबकणारं पाणी.

तुम्ही आलात त्या गुरुवारी पाणी बंद होतं, म्हणून फ्रिज धुणं शुक्रवारवर ढकललं होतं. तुमचा अभिप्राय वाचला त्या रात्री आम्ही फ्रिज भिंतीपासून ओढून काढला. पाणी वाहून जायची नळी तुंबली होती, म्हणून ते वरच्या पत्र्यावरून ट्रेमध्ये गळत होतं. दाराचं रबर उलटून मी नखाने खरवडलं तर करडा, बुळबुळीत थर निघाला. नुसत्या पाण्याने पुसून तो जात नाही. ब्रशने घासावा लागला. असाच थर जंतूंना धरून ठेवतो. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

मला हे आधी कळायला हवं होतं, कारण हा आजार मी गोठ्यात पाहिला आहे. शिरूरकडच्या ज्यांच्याकडून आम्ही दूध घेतो, त्यांची एक शेळी मान एका बाजूला वाकडी करून गोल गोल फिरायला लागली. कान लोंबलेला, तोंडातून लाळ. डॉक्टरांनी मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेला चारा, बघितला. खड्डा नीट दाबला नव्हता, वरचा ताडपत्रीचा कागद फाटलेला, आत माती आणि बुरशी. मुरघास नीट आंबला नाही की त्यात लिस्टेरिया वाढतो. शेळी तिसऱ्या दिवशी गेली.

त्यानंतर मी वाचत गेले. १९८१ साली कॅनडात नोव्हा स्कोशियामध्ये गरोदर बायका आणि नवजात बाळं या आजाराने आजारी पडली. शोध कोबीच्या सॅलडपर्यंत गेला. ज्या शेतातला कोबी, तिथे मेंढ्यांचं खत घातलेलं, आणि त्या कळपातल्या मेंढ्या लिस्टेरियाने दगावलेल्या. कोबी हिवाळाभर थंड साठवणीत होता, आणि त्या थंडीतच जंतू वाढला. हे वाचूनही आपल्या दुकानातला फ्रिज मला आठवला नाही, याचं वाईट वाटतं.

त्या दिवसाचं सगळं पनीर आणि चक्का आम्ही टाकून दिला. फ्रिज बदलला. पनीर आता अर्ध्या आणि पाव किलोच्या बंद पाकिटातच मिळेल, सुटं कापून देणं बंद. लाकडी पाट काढून टाकला. नव्या पनीरचा नमुना प्रयोगशाळेत दिला होता. कायद्याने २५ ग्रॅममध्ये लिस्टेरिया अजिबात नसावा लागतो, रिपोर्टमध्ये तो आढळला नाही. रिपोर्ट काउंटरवर लावला आहे. पण तुम्ही नेलेल्या पनीरबद्दल हा कागद काहीच सांगत नाही, आणि तो दाखवून मी तुमची तक्रार खोटी ठरवणार नाही. मुलाला मी ओरडले नाही. त्याला शेजारी बसवून शेळीची गोष्ट सांगितली.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि हे धंद्यासाठी म्हणत नाही. मुलीला निरसं दूध देऊ नका. आपल्याकडे धारोष्ण दूध गरोदर बाईला पौष्टिक म्हणून प्रेमाने देतात, माझ्या आईनेही मला दिलं होतं. पण जनावर बाहेरून धडधाकट दिसत असलं तरी दुधात किंवा सडाला लागलेल्या शेणात हा जंतू असू शकतो, आणि गरोदरपणात या आजाराचा धोका इतरांच्या सुमारे दहापट असतो. गोठ्यावरून दूध जरूर आणा, कुणाकडूनही आणा, पण वर येईपर्यंत उकळा आणि मगच पेल्यात ओता. पनीरही, आमचं असो की दुसऱ्या कुणाचं, भाजीत चांगलं रटरटू द्या. बाळंतपण होईपर्यंत कच्चा तुकडा नको.

पनीरचे पैसे कधीही येऊन घेऊन जा, बिल नसलं तरी चालेल. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या तर त्याचा खर्च आमच्याकडे. दुकानात येणं नको वाटलं तर पाटीवरच्या नंबरवर फोन करा. फोन मीच उचलते.