मोरीच्या बाजूचं पॉकेट

टेबल घ्यायच्या आधी मी टेबल मोजलं, खोली मोजली, दोन्ही आकडे पाकिटाच्या मागे लिहिले आणि खूश झालो. 12 बाय 6 चं टेबल, 18 बाय 13 ची खोली, म्हणजे आरामात बसतंय की. टेबलाच्या बाजूला एक माणूस वाकून जवळजवळ पाच फुटांची काठी मागेपुढे करणार आहे, हे पाकिटावर लिहायचं राहून गेलं.

तर एका जुन्या क्लबाने नवीन हॉल बांधला आणि जुनं स्नूकरचं टेबल 40 हजाराला काढलं, आठ पाय, सागवान, इंग्रजांच्या काळातलं. मी बायकोला समजावलं की अगं विल्सन जोन्स आपल्या पुण्यात जन्मलेले, 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सची हौशी जागतिक स्पर्धा जिंकून भारताचे पहिले वर्ल्ड चॅम्पियन झाले, पुण्याला या खेळाची परंपरा आहे. ती म्हणाली, "त्यांनी टेबल घरात ठेवलं होतं का?" ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी विषय बदलला आणि टेम्पो सांगितला.

मला वाटलेलं टेबल म्हणजे लाकूड आणि हिरवं कापड. हिरव्या कापडाखाली दगड असतो! पाटीच्या दगडाच्या पाच लाद्या, दोन-दोन इंच जाड, एकेक पावणेदोनशे किलोच्या वर. आठ हमाल लागले. बोळात टेम्पो शिरेना म्हणून शेवटचे ऐंशी पावलं खांद्यावरून, आणि वाड्याच्या दिंडीदरवाज्यात जे काही शब्द कानावर पडले ते आईसमोर पडायला नको होते. पाचही लाद्या भिंतीला टेकवल्यावर आईने चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "पाटे आणलेस पाच, वरवंटा कुठंय?"

लाकडाचं काही विशेष सांगत नाही. दोन महिने पॉलिशपेपर घासला, नाकातून सागवान निघत होतं, संपलं. एका पॉकेटच्या चामड्यात एक आण्याचं नाणं सापडलं, तेवढीच कमाई. कडेचं रबर इतकं कडक झालेलं की बॉल मारला की ठक्क करून वीतभर मागे यायचा आणि थांबायचा.

खरी गंमत लेव्हलची. हमालांकडूनच लाद्या फ्रेमवर ठेवून घेतल्या होत्या, कसे तरी जमवून पट्ट्या लावल्या, मधोमध लाल बॉल ठेवला. बॉल एक सेकंद विचारात पडला आणि मग शांतपणे, कुणीही न ढकलता, मोरीच्या कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये गेला. काळा ठेवला, तोही गेला. आमचा वाडा जुना, खाली शहाबादी फरशी, आणि ज्या गवंड्याने ती बसवली त्याने अख्ख्या खोलीचा उतार मोरीकडे दिलेला, म्हणजे धुतल्यावर पाणी निघून जावं. आता बॉल निघून जात होते. टेबलासोबत स्कोअरचा बोर्ड आला होता, बायकोने त्यावर खडूने लिहून टाकलं, मोरी 8, तू 0. लालचा एक पॉइंट, काळ्याचे सात, हिला नियम कुणी शिकवले कोण जाणे.

शेवटी मुंबईहून एक कारागीर चाचा बोलावले, आयुष्यभर क्लबांची टेबलं लावलेला माणूस. त्यांनी चहा घ्यायच्या आधी स्पिरिट लेव्हल चार ठिकाणी ठेवली, बुडबुड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "टेबल तो सीधा है साहब. आपका घर टेढ़ा है."

मग पायांखाली लाकडी पाचरी ठोकल्या, आणि लाद्या एकमेकींना लावताना केसाएवढा फरक काढायला त्यांना हवे होते पत्त्याचे पान. आमच्याकडे पत्ते नाहीत. पण लग्नपत्रिका? कपाटात तीन पिढ्यांच्या आहेत. बायकोने बरणीतून काढाव्यात तशा जाडीप्रमाणे काढून दिल्या, फक्त प्रत्येकीवरचा गणपती कात्रीने आधी कापून घेतला, दगडाखाली जायला नको म्हणून. तेवढे गणपती आता देव्हाऱ्यात आहेत. मोरीच्या बाजूला माझ्या चुलतभावाच्या लग्नाची आहे, ते लग्न दीड वर्ष टिकलं, पण पत्रिका मात्र अजून पावणेदोनशे किलो झेलतीये.

लाद्यांच्या सांध्यांत प्लास्टर भरून खरवडल्यावर चाचांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख सांध्यावरून आडवं फिरवलं. परत खरवडलं, परत नख. मला म्हणाले बघा, मी बघितलं, मला काहीच लागलं नाही, ते म्हणाले अजून आहे. संध्याकाळी सातला एकदा नख न अडखळता गेलं तेव्हा पहिल्यांदा हसले. मग कापड. तोंडात चुका धरून ते एकेक काढून ठोकत होते, मी समोरून ताणत होतो, चुका त्यांच्या तोंडात आणि माझ्या हातात. मग कापडाला इस्त्री, पण आधी ती वर्तमानपत्रावर ठेवून बघायची, कागद पिवळा पडला तर थांबायचं. आणि फिरवायची एकाच दिशेने, डी च्या, म्हणजे टेबलावर आखलेल्या अर्धगोलाच्या बाजूकडून काळ्या बॉलकडे, मांजराच्या अंगावरून हात फिरवावा तशी, उलट गेलात तर लव उभी राहते आणि बॉल वाकडा धावतो. कापड, रबर, चाचा मिळून टेबलाच्या अडीचपट झाले, हे आईला माहीत नाहीये.

रात्री मधोमध बॉल ठेवला. थांबला. पाच मिनिटं आम्ही चौघं त्या बॉलकडे बघत उभे होतो. बायकोने बोर्ड पुसला.

आता खेळतो रोज. रस्त्याच्या बाजूने मारायचं असेल तर खिडकी उघडून काठी मागे बाहेर काढावी लागते, एकदा जड लागली म्हणून वळून बघितलं तर दूधवाल्याने पिशवी अडकवली होती. असो.

पण स्नूकर म्हणे 1875 च्या सुमारास जबलपूरला पावसाळ्यात बसून बसून कंटाळलेल्या इंग्रज ऑफिसरांनी काढला, आणि पावसाळ्याचं या खेळाशी काहीतरी आहे खरं. गेल्या आठवड्यात तीन दिवस झड लागली, फरशीखालची माती भिजली असणार. रात्री अडीचला गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा मिक्सर येऊन घरघरायला लागला, भांडी थरथरली, आणि मग खालच्या खोलीतून अगदी हळू आवाज आला. टप्प.

मी अंधारात उठून बसलो. बायकोने कूस बदलली, डोळे मिटलेलेच.

"सहा पॉइंट," ती म्हणाली. "मोरी."

खाली जाऊन बघितलं. गुलाबीच होता.