वर्षभर हात लावला नाही? मग टाका म्हणे!

सकाळी एक रील पाहिली. एक बाई गोड हसत सांगत होत्या, वर्षभरात जे पुस्तक उघडलं नाही ते घरातून काढा. आणि मी मूर्खासारखी खोकं घेऊन बसले की कपाटापुढे!

सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या रांगेत आडवं पडलेलं एक पुस्तक निघालं. आकाशातल्या ग्रहताऱ्यांबद्दलचं, १९७६ सालचं. पानं पिवळी पडलेली, कोपरे हात लावताच तुटणारे. खोक्यात टाकण्याआधी सहज एक पान उघडलं आणि तासभर फरशीवरच बसून राहिले.

त्यात ग्रह नऊ. प्लूटो अजून मानाने बसलाय, २००६ मधली हकालपट्टी त्याच्या गावीही नाही. शनीला चंद्र दहा. दहा! २०२५ मध्ये मोजदाद २७४ वर गेली. कडी फक्त शनीलाच, असं ठासून लिहिलंय. पुढच्याच वर्षी युरेनसची सापडली, मग गुरूची, मग नेपच्यूनची. ताजी माहिती फोनवर मिळते, ठीक आहे, मान्य. पण इतकं छातीठोक चुकलेलं वाचण्यात जी मजा आहे ती त्यात नाही.

मग हॅलेच्या धूमकेतूचं पान आलं. १९८६ ला येणार, नंतर थेट २०६१ ला. शेजारी समासात पेन्सिलीने उभी वजाबाकी. २०६१ वजा १९७८, उत्तर ९३.

अक्षर माझं! मी तेव्हा सात-आठ वर्षांची असणार. हे पुस्तक आपण कधी उघडलं होतं हेच मला साफ आठवत नाही. वर उत्तरही चुकलंय. हातचा घेतला आणि सहाचे पाच करायचे राहिले. ८३ हवं होतं. म्हणजे ती पोरगी धूमकेतूसाठी दहा वर्षं जास्त थांबायला तयार होती.

आता सांगा बाई, हे तुमच्या वर्षभराच्या नियमात कुठे बसतं? इथे चाळीस वर्षं हात लागला नव्हता! कपड्यांचा नियम पुस्तकांना कसला लावता? शर्ट आखूड होतो, द्या कुणाला. पुस्तकाला काय होतं? (वाळवी लागते, हो. आणि त्या कप्प्यातल्या धुळीने मला लागोपाठ सात शिंका आल्या, तेही खरं.) पण न वाचलेली पुस्तकं म्हणजे काही गुन्हा केल्यासारखं बोलायचं, याचा मला संताप येतो.

असो. चिडले खरी, पण त्या ९३ कडे पुन्हा पाहिलं आणि हसूच आलं. डिसेंबर २०२३ मध्ये हॅले सूर्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला पोचून वळला. आता परत निघालाय. ती वजाबाकी खोडायला रबर शोधत होते, मग नाही शोधलं.

खोकं रिकामंच आहे. कुणाला हवं असेल तर सांगा.