सुतारकी करून पोट भरतात म्हणे!

आज विजय दिवस, गावात माजी सैनिकांचा सत्कार होता, आमच्या अण्णांना (वडिलांचे काका) गाडीवर बसवून मीच घेऊन गेलो. शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं आणि मग निवेदकानं आवाज कातर करून माईकवर सोडलं, "एकाहत्तरला देशासाठी लढलेला हा वीर आज या वयात सुतारकी करून पोट भरतोय, केवढी ही शोकांतिका!" आणि टाळ्या!! कशाला वाजवल्या देव जाणे.

शोकांतिका?? अरे बाबा, पेन्शन येते त्यांना. चार पिढ्यांची सुतारकी आहे घरात, सकाळी चहा झाला की रंधा हातात घेतल्याशिवाय त्यांना करमत नाही.

आणि मुळात ते फौजेत लागले तेच सुतार म्हणून. बॉम्बे सॅपर्स, खडकी, म्हणजे फौजेतली पूल बांधणारी, सुरुंग काढणारी इंजिनिअर पलटण. इंजिनिअर लोकांना सुतार, लोहार, गवंडी लागतातच, पूल काय भाषणं ठोकून उभे राहतात का? पण लढाई लागली की तोच सुतार पुढं सुरुंग शोधायला, रणगाडे मागून. पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला होते अण्णा. पोटावर झोपायचं, सळई जमिनीत खुपसत सरकायचं, वाट मोकळी झाली की दोन्ही बाजूंनी पांढरी फीत.

हे त्यांनी कधी बसून सांगितलं नाही. मी शाळेत असताना आमच्या पडक्या घराची तुळई चिरून दार करायचं चाललं होतं. जुन्या लाकडात मोडका खिळा राहिलेला असला की रंध्याचं पातं गेलंच, म्हणून अण्णा आधी टोच्या घेऊन सगळी तुळई तपासत होते. मीपण एक टोच्या घेतला आणि उभा हाणला तर फाडकन हातावर बसली. "तिरका घाल! उभा घातलास तर डोक्यावर बसतंय, तिरका घातला की कुशीला लागतंय." आता खिळ्याला कसली आलीय कूस? पण सुरुंगाला असते, वरून दाब पडला की संपलं. हे डोक्यात शिरायला मला कॉलेज उजाडलं.

म्हणून त्या निवेदकाचा राग आला. त्याच्या हिशेबात सैनिक वेगळा आणि सुतार वेगळा, एक फेट्यातला आणि एक भुशातला. आपल्याच सॅपर्सचे रामा राघोबा राणे घ्या, कारवारकडचे. एप्रिल 1948, जम्मू-काश्मीरमध्ये पाकिस्तानशी लढाई, नौशेराहून राजौरीकडं जायचं, रस्त्यावर पाइनची झाडं आडवी पाडलेली, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. झाडं हटवून, सुरुंग काढून, रणगाड्यांना वाट करून दिली म्हणून परमवीर चक्र. हेपण हातानं करायचं कामच ना?

हां, सगळ्यांचं अण्णांसारखं नाही, हे मान्य. पंधरा वर्षं न भरता परत आलेले जवान पेन्शनविना राहिले, वन रँक वन पेन्शनसाठी (हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी, तर पेन्शन पण सारखी) म्हाताऱ्यांना 2015 ला जंतरमंतरवर बसावं लागलं. त्यावर बोला की माईकवर! ते नाही बोलणार, वरचे नाराज होतील.

येताना गाडीवर विचारलं, अण्णा, वाईट वाटलं का? तर म्हणाले, "कशाचं? फौजेत पण सुतारच व्हतो की मी." आणि मग घर येईपर्यंत त्या स्टेजबद्दल. खालच्या वाशांना तिरकी पट्टी मारलेली नव्हती म्हणे, एवढी माणसं चढवली, कोसळलं असतं तर. सत्कार चालू असताना हा माणूस स्टेजचे सांधे बघत होता! हसू आलं राव, राग अर्धा तिथंच गेला.

उरलेला अर्धा मात्र जाणार नाही. कारण स्टेजवर शाल घालणाऱ्यांतल्या दोघांनी अण्णांकडून सागवानी चौकटी नेल्यात गेल्या दिवाळीच्या आधी, आणि पैसे मागितले की "देतो की अण्णा, कुठं पळून चाललोय". नावं टाकत नाही, अण्णा ओरडतील. पण पोस्ट वाचताय हे मला माहितीय. मकर संक्रांतीच्या आत पैसे आणून द्या, आणि घासाघीस करू नका.